दुखण्याची तारीख

पॅकिंगचं काम हलकं समजतात, म्हणून ते बायकांना देतात. भट्टीसमोर उभं राहायचं नाही, रसायनांची पिंपं लोटायची नाहीत. पंख्याखाली टेबलाशी बसायचं, बाटल्यांची बुचं आवळायची, लेबल बघायचं, खोकी भरायची. खालापूर तालुक्यात खोपोलीपासून रसायनी-पाताळगंगेपर्यंत कारखाने पसरलेत. लोखंडाचे, कागदाचे, रसायनांचे, औषधांचे. त्यातल्या कितीतरी ठिकाणी असं एक पॅकिंग खातं असतं आणि कर्जत-खालापूरच्या गावांतल्या, वाड्यांतल्या बायका तिथे ठेकेदाराच्या हजेरीवर राबतात. मी त्यांच्यातलीच. पळसदरीजवळच्या गावातून सकाळची खोपोली लोकल धरायची, केळवली, डोलवली, लौजी करत खोपोलीला उतरायचं, तिथून रिक्षाने गेटवर. या कामामुळे घरात दुसरा पगार आला, मुलांची फी वेळेवर जाऊ लागली. त्याच कामाने माझ्या उजव्या हाताचं काय केलं, तेही सांगायला हवं. तसे हात घेऊन रोज कामाला जाणाऱ्या बायका खूप आहेत आणि त्यांचा हक्क काय, हे त्यांना कुणी सांगत नाही.

आमच्या लाइनवर बाटल्या पट्ट्यावरून येत. बूच मशिन बसवायचं, पण ते पुरतं घट्ट बसत नसे. ते आवळायला आम्ही दोघी. डाव्या हाताने बाटली धरायची, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं बुचाला लावायची, मनगट वळवून एक पीळ द्यायचा आणि बाटली पुढे सारायची. तोवर पुढची आलेली असायची. फळ्यावर पाळीचं टार्गेट लिहिलेलं असे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत निम्मं झालं नाही, तर सुपरवायझर मागे येऊन उभा राही. एका पिळाला जोर असा किती लागतो? लहान मूलही बूच आवळतं. पण तोच पीळ, त्याच बाजूला, त्याच बोटांनी, एका पाळीत हजारो वेळा आणि असं वर्षानुवर्षं.

दुखणं आलं ते अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला. आधी पाळी संपल्यावर ठणकायचं, रात्री बाम चोळला की उतरायचं. मग पाळीच्या मध्यावरच ठणका लागू लागला. घरी तवा हातातून निसटला. धुतलेले कपडे नवरा पिळू लागला. आषाढात राबातली रोपं उपटून मुठी बांधताना अंगठा मिटेना, तेव्हा सासूबाईंनी मला बांधावर बसवलं. कारखान्यात तर हे घरोघरचंच. कुणाच्या हाताला क्रेप बँडेज, कुणाच्या मनगटावर हळदीचा लेप, कुणी रात्री बोटांना मुंग्या येतात म्हणून उठून हात झटकत बसते. त्याला कुणी आजार म्हणत नाही आणि जखम तर नाहीच. खाडा केला तर पगार कापला जातो, म्हणून सगळ्या गोळी खाऊन येतात.

रविवारी हात बरा असायचा. गणपतीच्या सुट्टीत तर दुखणं जवळजवळ गेलं. सुट्टीत भाकऱ्या, मोदक, पाहुण्यांची भांडी हे सगळं नेहमीपेक्षा जास्तच केलं होतं, तरीही. कामावर परतले आणि पुन्हा तेच. दुखण्याचं मूळ कुठे आहे, ते मला तेव्हाच कळलं होतं.

सुपरवायझरला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, अपघात कुठे झालाय? कधी लागलं, कसं लागलं, तारीख सांगा, मी लिहितो." ठेकेदाराचा माणूस तिथेच होता. तो म्हणाला, "वय होत चाललं. घरचं काम असतं, पावसाळ्यात लावणी करता, त्याने होतं असं." नुकसानभरपाईच्या वाटेवर आमच्यासारख्यांना हीच दोन वाक्यं आडवी येतात. तारीख सांगा, आणि हे घरकामाने झालं.

पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कपात दिसायची. त्याचा उपयोग बाळंतपणाला होतो, एवढंच आम्हाला ठाऊक. ज्यांनी डोळे उघडले ते खोपोलीतले एक काका. एका जुन्या कारखान्यात त्यांनी युनियनचं काम केलेलं. निवृत्तीनंतर ओट्यावर बसून लोकांचे पीएफचे, ग्रॅच्युइटीचे अर्ज लिहून देत. त्यांनी समजावलं की पगाराचा ०.७५ टक्का आमच्याकडून आणि ३.२५ टक्के मालकाकडून जातात. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार यात येतो, मग तो कायम असो की ठेक्यावरचा. ठेकेदाराच्या माणसांचा हप्ता भरण्याची पहिली जबाबदारीसुद्धा मूळ मालकाचीच. "आधी दवाखान्यात जा, भांडण मागाहून," ते म्हणाले. "आणि डॉक्टरांना नुसता हात दाखवू नकोस, काम दाखव."

मी पिशवीतून एक रिकामी बाटली नेली. डॉक्टरांसमोर बूच कसं आवळते ते करून दाखवलं. त्यांनी मला अंगठा मुठीत मिटायला सांगितला आणि ती मूठ करंगळीच्या बाजूला हलकेच वाकवली. कळ पार कोपरापर्यंत गेली, डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. अंगठा हलवणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेला एका अरुंद आवरणातून जातात. तीच हालचाल सतत होत राहिली की आवरण जाड होतं आणि कंडरा आतून सरकताना अडकतात. या दुखण्याला स्वित्झर्लंडच्या डी क्वेर्व्हेन नावाच्या सर्जनचं नाव आहे; त्यांनी ते १८९५ साली नोंदवलं. रात्री मुंग्या येणाऱ्या बायकांचं दुखणं वेगळं. त्यांच्या मनगटाच्या मधोमध जाणारा मज्जातंतू दाबला जातो, त्याला कार्पल टनेल म्हणतात. त्याची यंत्रावर तपासणी होते आणि लेखी अहवाल हातात मिळतो.

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं की ही बाई पूर्ण पाळी हाताने बुचं आवळते, कामाने दुखणं वाढतं, सुट्टीत उतरतं. किती साधी गोष्ट! पण त्याआधी मी ज्या ज्या दवाखान्यात गेले होते, तिथे मी काय काम करते हे कुणी विचारलंच नव्हतं. कागदावर नुसतं 'हात दुखतो' आणि खाली गोळ्या. पुढे वाचनात आलं की इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. दिवसभर लेखणी चालवणाऱ्या कारकुनांचा हात कसा दुखतो, तेही त्याच्या १७१३च्या वाढीव आवृत्तीत आहे. रोग्याला तुझा धंदा काय, हे वैद्याने विचारलंच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. तीनशे वर्षं उलटून गेली, तरी आपल्या तालुक्याच्या दवाखान्यांत हा प्रश्न क्वचितच कानावर पडतो.

मनगटाला पट्टा झाला, इंजेक्शन झालं, शेवटी आवरण मोकळं करायची छोटी शस्त्रक्रिया झाली. उपचाराला पैसे पडले नाहीत. रजेच्या काळात पगाराच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळाला. ती मदत मोठीच होती. तिला वर्षाकाठी ९१ दिवसांची मर्यादा असते.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एका ठाकूरवाडीतली मुलगी बसायची. तीच बाटली, तेच बूच, तोच पीळ. तिचंही मनगट माझ्यासारखंच दुखायचं. एका रात्रपाळीत बुचाचं मशिन बंद पडलं. सगळी बुचं मुळापासून हाताने लावायची वेळ आली आणि भरलेले क्रेटही आम्हीच उचलत होतो. पहाटेच्या सुमाराला क्रेट उचलताना तिच्या मनगटात काहीतरी उसळलं. क्रेट खाली पडला, बाटल्या फुटल्या. बाटल्या फुटल्या म्हणून सुपरवायझरला नोंद करावीच लागली. त्याने अपघाताच्या वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली, साक्षीदार म्हणून माझं नाव घातलं. त्या नोंदीवरून ईएसआयकडे अपघाताचा अहवाल गेला आणि तिचं दुखणं कामावरची इजा ठरलं. तिला पगाराच्या ९० टक्के मिळाले, आणि तेही हात कामाला लागेपर्यंत. ९१ दिवसांची अट तिला नव्हती. हात कायमचा अधू राहिला असता, तर वैद्यकीय मंडळाने कमाईची ताकद किती टक्के गेली ते ठरवून तिला दरमहा रक्कम दिली असती.

एका टेबलावरच्या आम्ही दोघी. तिला ९० टक्के आणि मला ७०. तिला पैसे जास्त मिळाले याचा मला आनंदच आहे, ते तिच्या हक्काचे होते. पण फरक कशाने पडला? तिच्या दुखण्याला तारीख होती आणि माझ्या दुखण्याला नव्हती.

काकांनी मला कायदा उलगडून दाखवला. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हा विषय, ईएसआयसकट, सामाजिक सुरक्षा संहितेत आला. पण गाभा तोच राहिला. भरपाईला दोन दारं आहेत. पहिलं दार अपघाताचं. काम करताना अपघात झाला असेल, तर विरुद्ध पुरावा नसल्यास तो कामामुळेच झाला असं ईएसआयचा कायदा धरून चालतो. दुसरं दार व्यवसायजन्य रोगांचं. कायद्याला एक यादी जोडली आहे. शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग, गोंगाटाने येणारा बहिरेपणा असे रोग तिच्यात आहेत. यादीतला रोग आणि यादीतलं काम जुळलं की तो कामावरचा अपघातच मानला जातो. पण तीच हालचाल पुन्हा पुन्हा करून झिजलेल्या मनगटाला त्या यादीत जागा नाही. यादीबाहेरचं दुखणं असेल, तर ते अमुक एका अपघातातून थेट उद्भवलं हे दाखवावं लागतं. म्हणजे फिरून तारखेपाशीच येतो आपण.

जगात असं सगळीकडे नाही. तारायंत्राची कळ दिवसभर दाबून तारबाबूंचा हात आखडायचा. ब्रिटनने १९०८ सालीच ते दुखणं भरपाईच्या यादीत घातलं. आपला १९२३चा कायदा इंग्रजांच्याच अमदानीतला, पण आपल्या आजच्या यादीत हाताचं दुखणं नाही. जीनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० साली सुधारलेल्या यादीत अंगठ्याच्या कंडरांची सूज आहे, कोपराचं दुखणं आहे, कार्पल टनेलही आहे. माझं दुखणं जीनिव्हाच्या कागदावर कामाचा रोग आहे आणि खालापुरात ते माझं वय आहे.

आता दुसरं वाक्य, घरकामाचं. भाकरी मी थापते, कपडे धुते, लावणीही करते. नाकारायचं कशाला? पण काम हेच दुखण्याचं एकमेव कारण असलं पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. काकांनी मला लक्ष्मीबाई आत्माराम विरुद्ध बॉम्बे पोर्ट ट्रस्ट हा मुंबई उच्च न्यायालयाचा निवाडा सांगितला. मुख्य न्यायमूर्ती छागलांचा, १९५४च्या निकालसंग्रहात छापलेला. लक्ष्मीबाईंचे यजमान पोर्ट ट्रस्टमध्ये रखवालदार होते आणि त्यांना हृदयविकार होता. न्यायालयाने तत्त्व घालून दिलं की आधीचा आजार असला तरी कामाने त्याला हातभार लावला किंवा मृत्यू लवकर ओढवला, तर मालकाची जबाबदारी येते. तो खटला मृत्यूचा होता, हाताचा नव्हता. पण घरी भाकरी थापणाऱ्या बाईच्या हातावर कारखान्याचा काही परिणामच झाला नाही, असं म्हणणाऱ्याला या निवाड्याकडे बोट दाखवता येतं. आणि सुट्टीत मोदक करूनही उतरणारं दुखणं कारखान्यात बसताच परत का येतं, याचं उत्तर मग त्यानेच द्यावं.

शस्त्रक्रियेनंतर परत गेले, तर माझ्या खुर्चीवर दुसरी बाई. ठेकेदार म्हणाला, गरज लागली की बोलावतो. काकांनी पत्र लिहून दिलं. आजारपणाचा लाभ चालू असताना कामगाराला कामावरून काढता येत नाही, आणि ठेकेदाराच्या माणसांची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावरही आहे, एवढंच त्यात होतं. पत्राची पोच घेतली. काही दिवसांनी बोलावणं आलं आणि मला लेबल तपासण्याच्या टेबलावर बसवलं.

त्यानंतर जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दोन बायकांचे हात गेल्यावर कंपनीच्या मेंटेनन्सचा माणूस बुचाच्या मशिनकडे आला. त्याने बूच पकडणारा भाग उघडला. आतली रबरी कडी झिजून गुळगुळीत झाली होती, म्हणून बूच फिरताना निसटायचं आणि सैल राहायचं. ती कडी त्याने माझ्या हातावर ठेवली. बांगडीपेक्षा लहान, काळी, एका बाजूने पातळ झालेली. नवी बसवली आणि बुचं मशिनवरच घट्ट बसू लागली. इतकी वर्षं आम्ही दोघी त्या कडीचं काम करत होतो. मशिनची कडी कधी बदलली याची वही असते, तारखेसकट. आमच्या मनगटांची वही कुणी ठेवली नव्हती.

म्हणून आता आम्ही ठेवतो. लाइनवरच्या बायकांनी साध्या शंभर पानी वहीत लिहायला सुरुवात केली आहे. कुणाला, कुठे, केव्हापासून दुखतं, त्या दिवशी काय काम दिलं होतं, मशिन चालू होतं की बंद, कुणाला सांगितलं, तो काय म्हणाला. जी लिहीत नाही तिचं दुसरी लिहून घेते. तक्रार आता तोंडी करत नाही. अर्ज देतो आणि त्याच्या प्रतीवर पोच घेतो. काम करताना कळ आली, हातातून वस्तू पडली, तर ती त्याच पाळीत अपघाताच्या वहीत घालायला लावतो, रक्त येवो न येवो. दवाखान्यात कामाचं वर्णन लिहून मागतो. आणि दर दोन तासांनी टेबल बदलायची मागणी आम्ही केली. ती मान्य झाली. उत्पादन घटलं नाही.

ज्यांना ईएसआय नाही, त्यांची वाट वेगळी. कर्जतकडे फार्महाऊसवर, इमारतींच्या कामांवर पुष्कळ माणसं आहेत. त्यांनी कामावर इजा झाल्यास नुकसानभरपाईसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दोन वर्षांच्या आत दावा करायचा असतो. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मागता येतो. पैसे वेळेत दिले नाहीत तर व्याज लागतं. थोडे पैसे हातावर ठेवून 'माझी काही तक्रार नाही' असं कुणी लिहून घेतलं, तरी हक्क सोडून देणारा तसा करार कायद्याने रद्दबातल ठरतो. माझ्या ओळखीत अशा कागदांवर अंगठे दिलेली माणसं आहेत आणि आता काही मागताच येणार नाही असं ती समजून चालतात. तसं नाही, हे त्यांच्यापर्यंत पोचलं पाहिजे.

आणि ज्यांना मालकच नाही? आमच्याच तालुक्यात माथेरानला पिढ्यानपिढ्या माणसांनी हातरिक्षा ओढल्या. त्यांचे गुडघे, पाठी गेल्या, पण भरपाई मागायची कुणाकडे? ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करून रिक्षा ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करायला सांगितलं. माणसाला असं राबवणं माणुसकीला धरून नाही, हे देशातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयाला माथेरानच्या चढावर दिसलं. ते पायथ्याच्या कारखान्यांतही दिसायला हवं.

त्यासाठी फार मोठं काही करावं लागत नाही. रोगांच्या यादीत भर घालण्याचा अधिकार कायद्याने केंद्र आणि राज्य सरकारांना दिलेला आहे. राजपत्रात तीन महिन्यांची सूचना द्यायची आणि अधिसूचना काढायची. महाराष्ट्र सरकारने पॅकिंग, शिलाई, जोडणी, संगणक अशा कामांतली मनगटाची, अंगठ्याची, कोपराची दुखणी या यादीत घालावीत, ही माझी मागणी आहे. ती आम्ही तालुक्यातल्या बायकांच्या सह्यांनिशी पाठवत आहोत. सोबत आमच्या वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या आहेत. ज्यांचा हात दुखतो, त्यांनी आपलं पान आजच लिहावं आणि तारीख घालायला विसरू नये.